जोडाचं इंजिन

दुकानाचं शटर अर्धं ओढून ज्योत्स्ना दुपारी जेवायला घराकडे निघाली होती. कारंजा चौक ओलांडून ती गल्लीच्या तोंडाशी आली आणि मागून येत असलेली एक मोटारसायकल एकाएकी गप्प झाली. हॉर्न नाही, ओरडा नाही, धडक नाही. आवाज चालता चालता तुटला, टायर क्षणभर डांबरावर किंचाळला आणि सुटला. एवढंच. पण बंद असलेल्या शिवणकामाच्या दुकानाच्या पायरीवर ती बसली ती बसलीच, हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून. तोंडात लोखंडासारखी चव आली. गाडी तिच्या शेजारून नुसत्या चाकांवर घरंगळत पुढे गेली आणि कडेला थांबली. गाडीवर तिशीतला एक माणूस होता, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. त्यानं खाली वाकून इंजिनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ताई, तुमाले लागलं काय?"

"नाई."

"मंग अशा बसल्या काऊन?" तो हसला, पण त्याचाही चेहरा उतरलेला होता. "पिस्टन जाम झाला वाटते. क्लच दाबला म्हणून वाचलो. नाई त मागचं चाक लॉक होऊन मी त्या नालीत राह्यलो असतो."

गाडी बंद पडून उभी होती, तरी त्याच्या डाव्या हाताची बोटं अजून क्लचवरच होती. इतकी घट्ट, की पेरं पांढरी पडली होती. ती त्या बोटांकडे पाहत राहिली. त्याला ते विचित्र वाटलं असावं. त्यानं हात काढून घेतला, पँटला पुसला आणि गाडी ढकलत निघून गेला. ज्योत्स्ना उठली. पायरीवरची धूळ साडीला लागली होती ती झटकली. कुणी पाहिलं का हे पाहिलं. हिंगणघाटच्या त्या बाजारात तिला सगळे ओळखत होते, नानाजींची विधवा सून म्हणून, लोखंडी सामानाच्या दुकानात गल्ल्यावर बसणारी बाई म्हणून. गेल्या सात वर्षांत ती रस्त्यात अशी कधी बसली नव्हती.

घरी आली तेव्हा नानाजी बाहेरच्या खोलीत पलंगावर जागेच होते. नानाजी म्हणजे तिचे सासरे. घरात सगळेच, त्यांचा मुलगासुद्धा, त्यांना नानाजीच म्हणायचे. मागच्या दिवाळीनंतर लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण शब्द ओढून काढावे लागल्यासारखे. सकाळी सासूबाई, प्रमिलाबाई, त्यांचं सगळं करायच्या. दुपारचं जेवण भरवणं ज्योत्स्नाकडे होतं. तिनं हात धुतले, भातावर वरण घातलं आणि कालवायला बसली. चार शितं ताटाबाहेर सांडली. नानाजींनी ते पाहिलं. ते सगळं पाहायचे, पडून पडून त्यांच्याकडे दुसरं काम उरलं नव्हतं.

"काय झालं?"

"काई नाई. चौकात एकाची गाडी जाम झाली चालता चालता. मी दचकली."

"पडला का?"

"नाई."

नानाजींनी मान आढ्याकडे वळवली. मग अपेक्षेप्रमाणे तेच बोलले, जे ते वर्षानुवर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत आले होते. "दोन बोटं क्लचवर. झोप आली तरी दोन बोटं क्लचवर. मी शिकवलं होतं त्याले. अन् एवढं इंजिन खोलून जोडणारा माणूस, त्याले क्लच दाबता नाई आला?"

धर्मेंद्रबद्दल, आपल्या मेलेल्या मुलाबद्दल, ते हे असंच बोलायचे. एखाद्या नापास पोराबद्दल बोलावं तसं. तेराव्याला बोलले होते, वर्षश्राद्धाला बोलले होते. सोयरे ऐकून माना खाली घालायचे. प्रमिलाबाईंचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मते पोराला त्या इंजिनानं खाल्लं. ह्या गाडीचं डोकं अन् त्या गाडीचं धड, असं कुठी चालते काय, असं त्या म्हणायच्या. सुतक फिटायच्या आधीच त्यांनी ते वाकडंतिकडं लोखंड भंगारवाल्याला फुकट देऊन टाकलं होतं, वर त्याला म्हटलं होतं की हे गावात ठेवू नको बापा, दूर ने. दोघांचंही ऐकताना ज्योत्स्ना गप्प राहायची. तिला जे ठाऊक होतं ते या दोन्ही म्हणण्यांत कुठेच बसत नव्हतं. आणि ते तिचं होतं. बाकी काही तिचं राहिलं नव्हतं.

ती भात कालवत राहिली. गुठळ्या मोडून मोडून पार पेज होईपर्यंत. धर्मेंद्र असाच ग्रीस कालवायचा, दोन बोटांनी, ताटलीत, खडा लागतो का ते पाहत. लग्न झालं तेव्हा तिला तो माणूस मुकाच वाटला होता. दुकानात बसायचा, खिळे तोलायचा, बिजागऱ्या दाखवायचा, पण गिऱ्हाईकाशी भाव करता आला नाही त्याला कधी. घरी आला की काहीतरी उघडून बसायचा. शिलाई मशीन, पंखा, शेजाऱ्यांचा रेडिओ. बोलायला त्याच्याकडे शब्द नव्हते असं नाही, ते बाहेर यायला त्याला कसलं तरी काम हातात लागायचं. आंजीहून, माहेराहून, आलेली ती चार भावांतली बोलकी बहीण. पहिल्या दोन वर्षांत तिनं त्याला थोडं बोलतं केलं होतं. मग मुलगी झाली. झाली तेव्हाच निळी होती. रडली नाही. धर्मेंद्रनं तिला पांढऱ्या पंच्यात घेतलं आणि नानाजींबरोबर वेणा नदीच्या काठी जाऊन पुरून आला. ज्योत्स्नाला तिचं तोंड नीट पाहायलाही मिळालं नव्हतं. एक कान तेवढा दिसला होता, पंच्याच्या घडीतून, फार लहान, फार नीट घडवलेला. त्या दिवसानंतर ती दोघं एकमेकांशी मिठाबद्दल बोलत, गॅसच्या टाकीबद्दल बोलत, उद्या लाईट जाणार आहे का त्याबद्दल बोलत. एका पलंगावर झोपत, आणि मधे तिसऱ्या माणसाएवढी जागा सोडून झोपत. तो तिला हात लावीत नव्हता. तीही लावीत नव्हती. दोघांनाही वाटायचं की दुसऱ्याला दुखेल.

बाळंतपणासाठी स्वयंपाकघरामागची खोली रिकामी करून, चुना मारून ठेवली होती. ती तशीच रिकामी राहिली. कुणी तिचं दार उघडत नव्हतं आणि कुणी तिथे पुन्हा धान्याची पोतीही रचत नव्हतं. एका दुपारी ज्योत्स्नानं पाहिलं तर दार उघडं, आणि आत बाळंतिणीच्या पलंगाच्या उघड्या फळ्यांवर काळं, तेलकट इंजिन ठेवलेलं. नानाजींच्या जुन्या फटफटीचं. त्या फटफटीवर नानाजी तरुणपणी बिजागऱ्या-कड्यांचे नमुने घेऊन समुद्रपूर, आर्वी, सगळे बाजार फिरले होते. पुढे ती व्हरांड्यात गंजत पडली होती. तिचा सिलिंडर फुटका होता, पिस्टन कधीच कुणीतरी नेला होता. धर्मेंद्र तिच्यासमोर उकिडवा बसून पान्ह्यानं एक नट सोडवत होता. ज्योत्स्नाला वाटलं आपण किंचाळणार. त्या पलंगावर, त्या फळ्यांवर! पण त्यानं वर पाहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत असं काही होतं की ती झाडू घेऊन आली आणि इंजिनाभोवतीची माती झाडायला लागली. तो पाय बाजूला करत राहिला, ती झाडत राहिली.

मग तुकडे येत गेले. नागपूरच्या भंगार बाजारातून एका जपानी गाडीचा सिलिंडर आला, तो खालच्या भागावर बसेना. चार बोल्ट चार दिशेला. कार्बोरेटर स्कूटरचं आलं, चोक लुनाचा. पिस्टन कुठल्या गाडीचा ते धर्मेंद्रलाही सांगता आलं नसतं. तो सगळं जमिनीवर वर्तमानपत्रावर मांडायचा आणि तासन्तास नुसता पाहायचा. हे याला कसं जोडायचं. लेथवाला रूपराव त्याचा शाळेतला सोबती होता, त्याच्याकडून मधे बसवायची एक जाड ॲल्युमिनियमची चकती करून आणली, ती पुन्हा कानशीनं घासली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. लोक हसायचे. दुकानात एकानं विचारलं, "धरमभाऊ, नवीच घ्या ना एखादी, कायले एवढी माथाफोड?" धर्मेंद्र म्हणाला, "नवी त कोणालेबी मिळते." ज्योत्स्ना आतून ऐकत होती. तिला वाटलं, हा हे सगळं त्या लोखंडाशी बोलतो आहे जे माझ्याशी बोलायचं होतं. तिला इंजिनाचा मत्सर वाटला, आणि मत्सर वाटला याची लाज वाटली.

एक दिवस तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. बऱ्याच दिवसांत तो तिथे असा उभा राहिला नव्हता. "फ्रीजमंदी जराशी जागा देशील काय?" त्याच्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं बेरिंग होतं. तिनं बर्फाचा ट्रे सरकवून जागा केली. दुसऱ्या दिवशी, प्रमिलाबाई देवळात गेल्यावर, त्यानं इंजिनाचं अर्धं कवच आणलं आणि तिच्या गॅसवर, उपड्या तव्यावर, ठेवलं. ते तापायला लागलं. जुन्या तेलाचा वास स्वयंपाकघरभर पसरला. त्यानं सांगितलं की गरम झालं की भोक केसभर मोठं होते, अन् थंडीनं बेरिंग बारीक होते, मंग ठोका मारा लागत नाई, आपल्या मनानं बसते. एवढं लांब वाक्य तो बोलला. तिनं कवचावर पाण्याचा थेंब टाकला, तो नाचत उडून गेला. "आता," तो म्हणाला, "धर." तिनं ओल्या गोणपाटानं कवच दोन्ही हातांनी धरलं, आच कोपरापर्यंत चढत होती, त्यानं फ्रीजमधून बेरिंग काढलं आणि वरून सोडलं. टक्. बसलं. ठोका नाही, जबरदस्ती नाही. दोघंही खाली वाकलेली, डोकी जवळजवळ टेकलेली, त्या चकाकत्या गोल कड्याकडे पाहत होती. तो हसला. त्याच्या वरच्या दातांत थोडी फट होती, तिचा तिला विसरच पडला होता.

त्यानंतर ती त्या खोलीत जायला लागली. तांब्याच्या पत्र्यातून हेडचं पॅकिंग कातरताना पत्रा धरायला, वाकून बॅटरी दाखवायला, पिस्टनच्या रिंगा पुसायला. प्रमिलाबाई शेजारणीला म्हणायच्या, "माही सून मेकॅनिक झाली." त्यात कौतुक नव्हतं. ज्योत्स्नाच्या नखांत काळं राहायचं आणि पोळ्या करताना तिला ते दिसायचं, बरं वाटायचं. तो बोलायचा, पण फक्त इंजिनाबद्दल. ती ऐकायची. कधी कधी तिला भीती वाटायची की हे एक दिवस पुरं होईल. मग काय करायचं दोघांनी? मग पुन्हा मिठाबद्दल बोलायचं? तो पिस्टन काढून पुन्हा घासायला बसला की तिला आतून सुटल्यासारखं व्हायचं, अजून आहे, अजून झालेलं नाही. त्या खोलीच्या भिंतीला अजून तो नवा चुना होता. खाली लोखंड, तेल, चिंध्या, आणि वर तो पांढरा स्वच्छ चुना. दोघांपैकी कुणी कधी त्याबद्दल बोललं नाही.

इंजिन सुरू झालं ते एका संध्याकाळी, अंगणात. जुन्याच फटफटीच्या सांगाड्यात बसवलेलं. किक मारून मारून त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मग एकदम निळा धूर आणि असा आवाज, जो कुठल्याच गाडीचा नव्हता, वरून फुटका आणि खालून भारी. शेजारचे भिंतीवरून डोकावले. नानाजी चष्मा सावरत बाहेर आले. त्यांनी टाकीवर तळहात ठेवला, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "पॉइंट जरा मागं घे, ठिणगी लवकर पडून राह्यली." बस. पण धर्मेंद्रचा चेहरा असा उजळला की ज्योत्स्ना आत निघून गेली, तिला ते पाहवलं नाही. पुढे बरेच दिवस तो ती गाडी नंदोरी रोडनं हळूहळू चालवून आणायचा. नव्यानं बसवलेल्या पिस्टनला सवय व्हावी लागते, जोरात पळवायची नाही. इंजिन गरम झालं की थांबायचा, झाडाखाली बसायचा. परत आला की सांगायचा, आज आवाज गोड होता, किंवा आज काहीतरी घासून राह्यलं आहे.

संक्रांतीला आंजीला जायचं होतं, भावाकडे. प्रमिलाबाई म्हणाल्या एसटीनं जा. तो म्हणाला, गाडीनं जाऊ. थंडी होती. रस्त्यावर धुकं उठत होतं, कापसाच्या बैलगाड्या कडेनं जिनिंगकडे चालल्या होत्या. दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या झालेल्या. ती मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, उजवा हात त्याच्या कमरेभोवती, पोटावर. गाडी चालते म्हणून धरायलाच हवं, असा हात. पण कितीतरी दिवसांनी तिला त्याचा श्वास हाताला लागत होता. वायगाव मागे पडलं. पुढे सरळ रस्ता होता, मोकळा. त्यानं पहिल्यांदाच गाडी थोडी सोडली. ते फुटकं, भारी इंजिन एकदम एकसुरात आलं, दोन गाड्यांचं ते राहिलंच नाही. तो वाऱ्यात काहीतरी ओरडला. तिला ऐकू आलं नाही. तिनं पुढे झुकून विचारलं, "काय म्हणता?" त्यानं मान थोडी वळवली.

"पोरीचं नाव काय ठेवलं असतं आपण?"

अडीच वर्षांत त्या घरात कुणी पोरीचा उच्चार केला नव्हता. तिच्याजवळ नाव होतं. पोटात असताना तिनं ठरवलं होतं, मुलगी झाली तर हे, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. ते तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. त्याची पाठ हलली. आणि मग त्यानं डावा हात हँडलवरून काढला, आणि आपल्या पोटावरच्या तिच्या हातावर ठेवला. नुसता ठेवला नाही, बोटांत बोटं घातली.

तेव्हा इंजिन जाम झालं. आवाज तुटला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि सगळा रस्ता तिरपा झाला. त्याचा हात तिच्या हातातून सुटायला बघत होता, हे तिला आठवतं, तो क्लचकडे जायला बघत होता. किंवा तिची बोटं त्याला सुटू देत नव्हती. हे तिला कधी नक्की सांगता आलं नाही, स्वतःलाही. ती तुरीच्या शेतात, मऊ मातीत पडली. तो रस्त्याकडेच्या मोरीच्या दगडावर. ती त्याच्याजवळ पोचली तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि गाडीचं पुढचं चाक अजून फिरत होतं.

"सुनबाई."

भात गार झाला होता. ज्योत्स्नानं घास उचलला. नानाजींनी तोंड उघडलं नाही. प्रमिलाबाई मागच्या अंगणात भांडी घासत होत्या, राखेचा खसखस आवाज येत होता. नानाजींनी तिकडे कान दिला, मग तिच्याकडे पाहिलं. त्यांचा एक डोळा आता नीट मिटत नसे, त्यातून सारखं पाणी यायचं.

"मले एक सांगजो. खरं सांगजो. मी आता किती दिवस आहो."

"काय, नानाजी?"

"तो मुद्दाम पडला का?"

तिला समजलंच नाही. नानाजी एकेक शब्द ओढत होते. "इंजिन जाम होते. माहं दहा वेळा झालं. क्लच दाबला की गाडी घरंगळते. त्याले मी सांगतलं होतं. त्याले माझ्यापेक्षा जास्त समजत होतं. मंग दाबला काऊन नाई? पोरगी गेल्यापासून तो माणसात नव्हता. मी बाप आहो, मले दिसत होतं. मले वाटलं... त्यानं हात उचललाच नाई. जाऊ दिली. अन् तुले बी घेऊन..."

ज्योत्स्ना तो घास हातात धरून बसून राहिली. म्हणजे हे. सात वर्षं हा म्हातारा सगळ्या गावासमोर मेलेल्या मुलाला शिव्या देत होता असं तिला वाटत होतं, तिनं मनातून त्याचा द्वेष केला होता. आणि तो शिव्या देत नव्हता, विचारत होता. येईल त्याला विचारत होता, कुणीतरी सांगेल म्हणून, आणि सांगू शकणारी एकच बाई त्याच्यासमोर ताट घेऊन रोज बसत होती. तिला वाटलं, हे सांगितलं तर आपल्याजवळ काय राहील. ते तिनं कुणाला दाखवलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. कधी फार एकटं वाटलं की ती दुकानात, गिऱ्हाईक नसताना, उजव्या हाताची बोटं पसरून पाहायची. सासऱ्यासमोर बोलायची गोष्टही नव्हती ती.

"नाई," ती म्हणाली. "मुद्दाम नाई. ते खुशीत होते."

"मंग?"

तिनं डोक्यावरचा पदर ओढला, खाली ताटात पाहिलं. "त्याइचा हात क्लचवर नव्हता. माह्या हातावर होता. त्याइनं... माहा हात धरला होता."

राखेची खसखस थांबली होती. पांघरुणावर पडलेला नानाजींचा चालता हात, डावा, हळूहळू मिटला, लिव्हर धरावी तसा, आणि तितक्याच हळू उघडला.

"म्हणजे हात नव्हताच तिथं."

"नाई."

"बरं," ते म्हणाले. आणि पुन्हा, "बरं." पाणी आता दोन्ही डोळ्यांतून येत होतं, कानांच्या पाळ्यांपर्यंत जात होतं. त्यांनी तोंड उघडलं. तिनं घास भरवला. ते चावत राहिले.

दारात प्रमिलाबाई उभ्या होत्या. हाताला राख होती. त्यांनी किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती.

"म्हणजे तुह्या पायी गेला."

हे वाक्य ज्योत्स्नानं सात वर्षं ऐकलं होतं, कुणी म्हटलं नसतानाही. विहिरीवर, बाजारात, आरशासमोर. ते खरोखर आल्यावर ते किती लहान होतं याचं तिला नवल वाटलं. तिनं मान वर केली.

"हो, आई," ती म्हणाली. "माह्या पायी गेले." आणि आपल्या आवाजात रडं नाही, दुसरंच काहीतरी आहे, हे तिचं तिलाच ऐकू आलं. प्रमिलाबाईंनाही ते ऐकू गेलं असावं. त्या वळून आत गेल्या.

त्या दिवसापासून प्रमिलाबाई तिच्याशी बोलेनाशा झाल्या. नानाजींचं दुपारचं जेवण त्यांनी आपल्याकडे घेतलं. हात कापायचा, वरण उशीवर सांडायचं, तरी त्याच भरवायच्या. ज्योत्स्नाचं ताट वाढून झाकून ठेवलेलं असायचं, पण ते ठेवणारी बाई समोर नसायची. ज्योत्स्ना दुकानात जायची, यायची. तिला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं झालं नाही. उलट तो क्षण आता आठवायला गेलं की नानाजींचा चेहरा मधे यायचा, दारातली राखेची बोटं मधे यायची. पोरीचं नाव तेवढं तिनं दिलं नव्हतं. ते अजून तिचं होतं.

उन्हं तापायला लागली तसे नानाजी गेले. झोपेतच. सोयरे आले, गेले. घरात दोन बायका राहिल्या.

तेरावं होऊन गेल्यावर एका सकाळी प्रमिलाबाई अंगणात सुपात तूर निवडत बसल्या होत्या. ज्योत्स्ना दुकानाच्या किल्ल्या घेऊन निघाली होती. शेजारून जाताना प्रमिलाबाई एकदम बोलल्या. सुपातून मान न काढता, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"ज्योत्स्ना."

"जी?"

सूप थांबलं. त्यांनी एक खडा वेचला, दूर टाकला. पुन्हा दाण्यांत बोटं घातली, पण निवडलं काहीच नाही.

"थंडी होती ना त्या दिवशी. हातमोजेबी नेले नव्हते त्यानं. मी देऊन राह्यलती." त्या थांबल्या. "हात कसा होता त्याचा?"

ज्योत्स्ना किल्ल्या हातात घेऊन उभी राहिली. मग तिनं त्या कमरेला खोचल्या आणि सासूच्या समोर, मातीतच, बसली.

"थंडगार होता, आई," ती म्हणाली. "गरम होऊन राह्यला होता."